साहाय्यक श्वान : घरच्या घरी शिक्षणाची बक्षीसप्रधान पद्धत

नालासोपाऱ्याहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता जुने सोपारा मागे टाकून गासकडे वळला, की वसईच्या हरित पट्ट्याची ओळख पटू लागते. केळी, नारळ, पानवेल व फुलझाडे यांच्या वाड्या, मधूनच एखादे बावखल आणि वाडीच्या आत, रस्त्यापासून काहीशा अंतरावर वसलेली घरे. भोवतालची वस्ती झपाट्याने वाढत असली तरी गावाची ही घडण अद्याप पुष्कळ अंशी टिकून आहे.

अशा एका घराची कल्पना करावी. मुलगा व सून सकाळच्या लोकलने मुंबईस नोकरीसाठी जातात. दिवसभर घरी असते ती साठी ओलांडलेली आई, आणि तिचे ऐकणे जवळजवळ बंद झालेले आहे. दाराची घंटा वाजवून टपालवाला परत जातो. कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपते. शेजारीण हाका मारून थकते. श्रवणयंत्राने काही प्रमाणात साह्य होते. परंतु दमट हवेत व घामात ते सारा दिवस कानावर ठेवणे अनेकांना जमत नाही. घरात एक कुत्राही आहे. घंटा वाजताच तो भुंकतो. पण ते भुंकणे ज्यांना ऐकू येते त्यांच्यासाठी असते. हाच कुत्रा भुंकण्याऐवजी आईजवळ येऊन तिच्या गुडघ्याला नाक लावील आणि तिला दारापर्यंत घेऊन जाईल, तर त्या घराचा दिवस पुष्कळ बदलेल. हे शिक्षण घरच्या माणसांना देता येते काय आणि ते कसे द्यावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा हेतू आहे.

साहाय्यक श्वान कोणास म्हणावे

महाराष्ट्रातील वाचकांना शिकविलेला कुत्रा म्हटले की पोलीस दलातील श्वान आठवतो. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील ‘झंजीर’ हा लॅब्रॅडॉर पुण्यात शिकून आला होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात व नंतर त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याला शासकीय इतमामाने निरोप देण्यात आला. परंतु पोलिसांचा श्वान आणि साहाय्यक श्वान यांत मूलभूत भेद आहे. पोलिसांच्या श्वानामागे शिकविणारी संस्था, पगारी हस्तक आणि पशुवैद्यक उभे असतात. साहाय्यक श्वान एकाच व्यक्तीसाठी, तिच्या एका निश्चित उणिवेच्या भरपाईसाठी काम करतो. आणि त्याचा हस्तक ती दिव्यांग व्यक्ती स्वतःच असते.

दुसरा भेदही ध्यानात घ्यावयास हवा. रुग्णालयांतून किंवा विशेष मुलांच्या शाळांतून काही श्वान नेले जातात. त्यांच्या सहवासाने मुले बोलती होतात, रुग्णांचे मन हलके होते. मिनल कविश्वर यांनी स्थापन केलेल्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ या संस्थेने मुंबई-पुण्यात असे काम केलेले आहे. तो उपचार-श्वान होय. अनेकांच्या सेवेसाठी तो नेला जातो. साहाय्यक श्वानाची कसोटी वेगळी आहे: त्याला शिकवून तयार केलेले असे एखादे निश्चित काम यावे लागते. केवळ प्रेमळ असणे पुरेसे नाही.

या कल्पनेचा व्यवस्थित आरंभ पहिल्या महायुद्धात झाला. विषारी वायूने दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे श्वानशाळा निघाली. १९२९ मध्ये अमेरिकेत डोरोथी यूस्टिस व अंध तरुण मॉरिस फ्रँक यांनी ‘सीइंग आय’ ही संस्था सुरू केली. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या चार अंध व्यक्तींना श्वान मिळाले. १९७५ पासून बॉनी बर्गिन यांच्या प्रयत्नाने चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींसाठी वस्तू उचलून देणारे, दिवा लावणारे, दार उघडणारे श्वान तयार होऊ लागले. त्यापाठोपाठ कर्णबधिरांसाठी आणि पुढे मधुमेही व अपस्माराच्या रुग्णांसाठीही श्वान शिकविले जाऊ लागले.

स्वतः शिकविण्याचा मार्ग

पाश्चात्त्य देशांत असा श्वान संस्थेकडून मिळण्यास अनेकदा वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि त्याच्या शिक्षणाचा खर्चही फार मोठा असतो. त्यामुळे तेथे अनेक दिव्यांग व्यक्ती स्वतःचा श्वान स्वतः शिकवितात. अमेरिकेतील १९९० च्या दिव्यांग कायद्याने या मार्गास पूर्ण मान्यता दिलेली आहे. संस्थेचे प्रमाणपत्र तेथे अनिवार्य नाही. मात्र जबाबदारीची जाणीव राहावी म्हणून साहाय्यक श्वान बाळगणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान मर्यादा सुचविली: सहा महिने किंवा अधिक काळात एकूण १२० तास शिक्षण, त्यांपैकी निदान ३० तास सार्वजनिक ठिकाणी. गासच्या घरातील आईसाठी आपल्याकडे दुसरी व्यवस्था सहजी हाताशी नसल्याने हाच मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. अंध व्यक्तीस रस्त्याने नेणारा मार्गदर्शक श्वान घरी शिकविण्याच्या भरीस सहसा पडू नये. त्या श्वानाला आज्ञा पाळण्याबरोबर प्रसंगी ती मोडावयासही शिकवावे लागते. समोरून वाहन येत असेल तर मालकाने ‘चल’ म्हटले तरी त्याने जागचे हलता कामा नये. या शिक्षणातील चूक जिवावर बेतू शकते. ते अनुभवी शिक्षकाचेच काम आहे. तसेच तोल सावरण्यासाठी कुत्र्याच्या पाठीवर भार टाकावयाचा असेल, तर कुत्रा मोठ्या जातीचा हवा, त्याची हाडे पूर्ण वाढलेली म्हणजे साधारणतः दीड ते दोन वर्षांचे वय हवे आणि पशुवैद्यकाची संमती हवी. याउलट आवाजाची सूचना देणे, पडलेली काठी वा किल्ली उचलून आणणे, घरातल्या दुसऱ्या माणसास बोलावून आणणे ही कामे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील आहेत.

कुत्र्याची निवड

जातिवंत कुत्राच हवा, ही समजूत खरी नाही. जगभर लॅब्रॅडॉर लोकप्रिय आहे तो त्याच्या खादाडपणामुळे व माणसांच्या ओढीमुळे. पण किनारपट्टीच्या दमट उन्हाळ्यात त्याला त्रास होतो आणि खाण्यावर नियंत्रण नसेल तर तो लठ्ठ होतो. आवाजाची सूचना देण्याच्या कामाला आकार लागत नाही. आपला गावठी कुत्रा काटक व चलाख असतो. मात्र त्यातील प्रत्येक पिल्लू या कामाचे नसते. अनोळखी माणसाला पाहून दडणारे किंवा अंगावर जाणारे, ताट पडल्याच्या आवाजाने बराच वेळ बावरलेले राहणारे पिल्लू निवडू नये. दचकले तरी क्षणभरात पुन्हा चौकशीला पुढे येणारे पिल्लू उत्तम.

पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या स्वभावाच्या घडणीचा असतो. या काळात जे सुखाने पाहिले त्याची भीती पुढे सहसा राहत नाही. गासच्या पिल्लाने या दिवसांत रिक्षा, वाडीतील पाण्याचा पंप, शाळेची मुले, लग्नाचा बँड, छत्री उघडणारा माणूस हे सर्व लांबून, खाऊ खात पाहिलेले असावे. लसी पूर्ण झालेल्या नसतात तोवर त्याला कडेवर घेऊन फिरवावे. रेबीजची लस साधारणतः तिसऱ्या महिन्यात व नंतर पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे दिलीच पाहिजे. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या या भागात लेप्टोस्पायरोसिसच्या लसीविषयीही विचारून घ्यावे. गोचिडांकडे दुर्लक्ष झाल्याने चांगले शिकलेले कुत्रे तापाने गेल्याची उदाहरणे गावोगाव ऐकावयास मिळतात.

बक्षीस आणि खूण

ज्या कृतीमागून सुख येते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे तत्त्व एडवर्ड थॉर्नडाइक या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरांवरील प्रयोगांतून मांडले. पुढे बी. एफ. स्किनर यांनी ते विस्ताराने सिद्ध केले आणि १९५१ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या एका लेखात टिकटिक वाजणाऱ्या साध्या खेळण्याच्या साह्याने घरचा कुत्रा कसा शिकवावा हे सांगितले. आजची पद्धत त्याच पायावर उभी आहे.

टिकटिकीचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कुत्र्याने योग्य कृती केली आणि आपण खिशातून तुकडा काढेपर्यंत चार सेकंद गेले, तर त्या चार सेकंदांत तो बसलेला उठतो, मान वळवितो, शेपटीजवळ खाजवितो. बक्षीस मग खाजविण्याला मिळते! म्हणून कृतीच्या क्षणीच एक ठराविक खूण द्यावयाची आणि मागून खाऊ द्यावयाचा. खूण म्हणजे ‘शाब्बास’ हा शब्द असू शकेल, जिभेचा टक्‌ आवाज असू शकेल. ज्यांची वाचा स्पष्ट नाही त्यांनी हाताचा अंगठा वर करावा. कुत्रा ती खूणही तितक्याच तत्परतेने शिकतो. आरंभी दोन दिवस काहीच न शिकविता फक्त खूण व लगेच खाऊ, असे पंधरावीस वेळा करावे. खूण होताच कुत्रा हाताकडे पाहू लागला, की पाया तयार झाला.

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. शिकविणाऱ्याने मात्र वाटी नव्हे, हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा जवळ ठेवावा. बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे मांस, उकडलेले अंडे किंवा भाकरीचा तुकडा चालेल. वसईच्या घरांत सुके बोंबील व सुकट सहज हाताशी असतात आणि कुत्र्यांना ते प्रियही असतात. पण त्यांतील मीठ रोज पोटात जाणे बरे नव्हे. कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कुत्र्यास विषारी ठरतात. दिवसभरात बक्षीस म्हणून दिलेले खाणे त्याच्या जेवणातून वजा करावे.

घंटेचा पाठ

पहिली पायरी घंटेशी संबंधित नाही. आईने खुर्चीवर बसून तळहात कुत्र्यासमोर धरावा. तो हुंगण्यासाठी नाक लावील. त्याच क्षणी खूण व खाऊ. काही दिवसांनी तळहात गुडघ्यावर ठेवावा आणि मग हात हळूच काढून घ्यावा. कुत्रा गुडघ्यालाच नाक लावू लागेल. एका वेळी तीन ते पाच मिनिटांहून अधिक पाठ घेऊ नये. दिवसातून चार लहान पाठ एका मोठ्या पाठापेक्षा फलदायी असतात. दहापैकी आठ वेळा बरोबर आले तर पुढची पायरी घ्यावी. लागोपाठ चुका झाल्या तर कुत्र्याला दोष न देता मागच्या पायरीवर यावे. घाई झाली ती आपली.

यानंतर घंटा. येथे दुसऱ्या माणसाची गरज लागते, कारण ज्या व्यक्तीस घंटा ऐकू येत नाही तिला बक्षीस केव्हा द्यावयाचे हे कळणार नाही. सुट्टीच्या दिवशी मुलाने मोबाइलवर घंटेचा आवाज नोंदवून तो प्रथम अगदी हळू वाजवावा आणि त्याच वेळी आईला हाताने इशारा करावा. आईने गुडघा पुढे करावा. नाक लागताच अंगठा वर व खाऊ. आठवड्याभरात आवाज खरा, दाराचा, पूर्ण मोठा होतो. मग आईने गुडघा पुढे करणे थांबवावे. घंटा वाजताच कुत्रा आपण होऊन आला, तो दिवस घराने साजरा करावा.

पुढची पायरी थोडी खटपटीची आहे. नुसते नाक लावून काय झाले आहे हे आईला कळत नाही; कुत्र्याने तिला आवाजाच्या जागी नेले पाहिजे. म्हणून नाक लावल्यावर आईने दोन्ही हात पसरून ‘कुठे?’ अशी खूण करावी आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलाने तेथे दुसरा खाऊ द्यावा. आता मोठे बक्षीस दाराशी आहे हे कुत्र्याच्या ध्यानात येते व तो पुढे चालू लागतो, मागे वळून आई येते की नाही हे पाहतो. नंतर अंतर वाढवावे: आई स्वयंपाकघरात, मागच्या पडवीत, अखेर केळीच्या बागेत. प्रत्येक नव्या जागी कुत्रा जणू काही शिकलेलाच नाही असे वागेल. त्यात त्याचा हट्ट नसतो. ‘बैठकीच्या खोलीतील घंटा’ आणि ‘पडवीतून ऐकू येणारी घंटा’ या त्याच्या लेखी दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. तेथे पुन्हा थोडे मागून सुरुवात करावी.

कुकरचा पाठ याच क्रमाने घ्यावा. फरक इतकाच की कुत्रा शिट्ट्या मोजत नाही. तो प्रत्येक शिट्टीला येईल, आणि तीन मोजण्याचे काम आईकडेच राहील. काही हुशार कुत्रे खाऊसाठी खोटी सूचना देऊ लागतात. त्यावर उपाय सोपा आहे: दाराशी जाऊन पाहावे, कोणी नसेल तर काही न बोलता परत यावे. पाठ पक्का झाला की प्रत्येक वेळी खाऊ न देता मधूनमधून द्यावा, कधी एक तुकडा तर कधी चार. मात्र बक्षीस पूर्णपणे बंद करू नये. महिन्याचे काम करून पगार न मिळाल्यास आपणही दुसऱ्या महिन्यास तितक्या उत्साहाने कामावर जाणार नाही.

काठीची भाषा

‘फटका दिल्याशिवाय कुत्रा शिकत नाही’ हे मत आपल्याकडे रूढ आहे, आणि अनेक सुशिक्षित मंडळीही ते बाळगतात. फटक्याने कुत्रा काही काळ थांबतो हे खरे. पण काय करावयाचे हे फटका सांगत नाही. गुरगुरण्याबद्दल मारलेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढे इशारा न देता चावतो. पोर्तुगालमधील पोर्तो शहरातील शिक्षणवर्गांत येणाऱ्या ९२ कुत्र्यांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. शिक्षेच्या पद्धतीने शिकणाऱ्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली आणि पाठानंतर त्यांच्या लाळेतील ताणाचे संप्रेरकही अधिक वाढलेले दिसले. अमेरिकेतील पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये सर्व प्रकारच्या श्वानशिक्षणासाठी केवळ बक्षीसप्रधान पद्धतीचीच शिफारस केली. साहाय्यक श्वानाच्या बाबतीत तर यास दुहेरी महत्त्व आहे. आवाजाची सूचना देणे हे आपण होऊन पुढे येण्याचे काम आहे. चुकीबद्दल मार खाल्लेला कुत्रा आपण होऊन काहीच करीत नाही.

आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ अन्वये प्राण्यास मारहाण करणे हा गुन्हा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. गासजवळच्या भुईगाव येथे १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात खरा मंगल आचार कोणता हे सांगताना प्राणिमात्रांशी संयमाने वागण्याचा समावेश केलेला आहे. या मातीला हा विचार नवा नाही.

कुत्रा घराबाहेर पडतो तेव्हा

घरातील काम जमल्यावर आई कुत्र्यास घेऊन शिधावाटप दुकानात, बँकेत, ग्रामसभेस जाऊ इच्छील. येथे प्रश्न कुत्र्याचा राहत नाही, आपला होतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सार्वजनिक इमारती व वाहतूक सुगम करण्याचे बंधन घातले आहे. पण साहाय्यक श्वानाच्या प्रवेशाविषयी त्यात अमेरिकेसारखी स्वतंत्र तरतूद नाही. त्यामुळे दाराशी उभा असलेला शिपाई, बसचा वाहक किंवा सरपंच काय म्हणतो, यावरच बहुधा सर्व अवलंबून राहते. अमेरिकेत अशा प्रसंगी कर्मचाऱ्यास दोनच प्रश्न विचारता येतात: हा श्वान दिव्यांगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? आजाराची माहिती वा कागद मागता येत नाहीत. श्वान आवरत नसेल किंवा घाण करीत असेल तर त्यास बाहेर नेण्यास मात्र सांगता येते. ही रीत आपल्या कार्यालयांनी स्वेच्छेने अंगीकारण्यास कोणताही अडथळा दिसत नाही.

मालकाचीही जबाबदारी आहे. लसीकरणाचे कार्ड जवळ असावे, पट्टा आखूड धरावा, आणि गर्दीत अर्धा तास शांत बसता येत नाही तोवर कुत्र्यास ग्रामसभेस नेऊ नये. आपल्या गावातील मोठी अडचण म्हणजे रस्त्यावरची मोकाट कुत्री. त्यांच्या अंगावर येण्याने वर्षभराचे शिक्षण एका सकाळी बिघडू शकते. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. ते काम नीट झाले तर साहाय्यक श्वानाचा मार्ग आपोआप सुकर होतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. अशा श्वानाची लस वा शिक्षकाचे मानधन त्यातून देता येईल काय, हा विषय एखाद्या पंचायतीने गटविकास अधिकाऱ्यांपुढे जरूर मांडावा. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केलेला असल्याने असा प्रश्न कोणाकडे न्यावा ही अडचणही आता उरलेली नाही.

शिक्षकांना एकच विनंती. काम करीत असलेल्या कुत्र्यास हाका मारू नयेत, खाऊ देऊ नये, कुरवाळू नये, हे मुलांना वर्गात सांगावे. मुलांनी मोडलेले लक्ष परत आणण्यास शिकविणाऱ्याला कित्येक दिवस लागतात.

साहाय्यक श्वान साधारणतः आठ-दहा वर्षांचा होईपर्यंत काम करतो. त्याची कानांची शक्ती मंदावू लागली, की सूचना चुकू लागतात आणि आईला ते उशिरा कळते. म्हणून पहिला कुत्रा सात वर्षांचा असतानाच दुसरे पिल्लू घरात आणावे. वाडीत जागा असते, दोघांचे जमते. जुना कुत्रा घंटेला उठतो, त्याच्यामागे पिल्लूही पळत दारापर्यंत जाते. त्याला तळहाताचा पहिला पाठ मात्र स्वतंत्रपणे, जुन्या कुत्र्यास दुसऱ्या खोलीत ठेवूनच द्यावा लागतो.